न दिलेले फाऊल

मंडळ सुरू करायला सात माणसं लागतात आणि बंद करायला तीन-पंचमांश. बत्तीस वर्षांपूर्वी इचलकरंजीत आम्ही कॅरम पंच मंडळ काढलं तेव्हा बरोबर सात होतो. या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीस साली, ते बंद करायला निघालो तेव्हा अकरा होतो. अकरांचे तीन-पंचमांश म्हणजे पुन्हा सातच. एवढ्या वर्षांत आमची प्रगती काय, तर ही.

मी भूपाल चौगुले, मंडळाचा सचिव. सुताला खळ लावायच्या सायझिंग कारखान्यात हेडक्लार्क होतो, आता एकाहत्तर वर्षांचा आहे. सचिवपद मला कुणी आग्रहानं दिलं नव्हतं आणि काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. मंडळाचे बावीस नियम माझ्या हातचे आहेत. त्यातला नववा असा : पंचाने खेळाडूशी त्याच्या खेळाबद्दल, चांगले वा वाईट, काहीही बोलू नये. लोक या नियमाला हसायचे. मला तो सगळ्यात आवडायचा.

पंच करतो काय, हे न खेळणाऱ्याला सांगावं लागतं. तो बोर्डाच्या बाजूला खुर्ची टाकून गप्प बसतो. खेळाडूचं कोपर रेषेबाहेर गेलं किंवा खेळाडू खुर्चीतून उठला, की पंच फाऊल म्हणतो. हे कुणालाही दिसतं. खरा कस लागतो तो ढकलण्यात. स्ट्रायकर बोटानं मारायचा असतो, ढकलायचा नसतो. ढकललं की नेम चुकत नाही, म्हणून ते नियमाबाहेर. पण मारणं कुठं संपलं आणि ढकलणं कुठं सुरू झालं, हे डोळ्यांनी ओळखायला दहा वर्षं बोर्डाशेजारी बसावं लागतं.

लागायचं, असं म्हणायला हवं. दोन वर्षांपूर्वी शहाणा बोर्ड आला. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, आम्ही शहाणाच म्हणायचो, आणि ते कौतुकानं नव्हे. त्याच्या प्लायवूडखाली कागदाएवढा पातळ पापुद्रा असतो. दाब पडला की त्या पापुद्र्यात किंचित वीज तयार होते. स्ट्रायकर सुटला, सोंगटीवर सोंगटी आपटली, की लाकडातून लहर निघते आणि चार कोपऱ्यांत चार वेगवेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून काय, कुठं, केव्हा घडलं ते बोर्ड काढतो. नीट मारलेलं बोट स्ट्रायकरला चिकटून असतं ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळ. ढकललं तर बोट स्ट्रायकरसोबत चालत जातं, पाच-सहा पट वेळ. माणसाला जिथं शंका येते तिथं बोर्डाला आकडा दिसतो. वर कॅमेरा असतो, तो कोपराकडे बघतो. झालं. पंचाची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली तरी चालतं.

आमच्या गावच्या स्पर्धांना अजून आम्हीच बसायचो, पण राज्य स्पर्धांना तो लागला; पहिल्या वर्षी तिथं जाऊन आम्ही त्याच्या चुका शोधल्या. दुसऱ्या वर्षी शोधायचं सोडलं, कारण सापडत नव्हत्या. मग मीच विसर्जनाच्या सभेची नोटीस काढली. तीसुद्धा मीच, दुसरं कोण काढणार?

बोर्डाला शिकवायला राज्य संघटनेनं सगळ्या मंडळांकडून जुन्या सामन्यांची चित्रणं मागवली होती. आमच्याकडे तेरा वर्षांची होती. तक्रारी नकोत म्हणून प्रत्येक टेबलाशेजारी स्टँडवर मोबाइल लावायची पद्धत मी घातली होती. जुन्या चित्रणात पापुद्रा कुठला असणार, पण आवाज होता. बोर्डानं पापुद्र्याची लहर आणि टेबलावरचा आवाज हजारो वेळा शेजारी ठेवून बघितले आणि नुसतं ऐकून ओळखायला शिकला. मारलेल्या स्ट्रायकरचा टिच असा आवाज येतो. ढकललेला नुसता सरकतो.

चित्रणं दिल्याबद्दल आभार म्हणून संघटनेनं प्रत्येक मंडळाला त्याच्या निर्णयांचा पडताळणी अहवाल पाठवला. आमचा बुधवारी दुपारी आला, सभेच्या चार दिवस आधी. तालमीच्या माडीवर आमची खोली आहे, तिथं मी एकटाच कागद बांधत बसलो होतो. अहवाल उघडला. आमचे शंभरातले अठ्ठ्याण्णव निर्णय बरोबर! जिल्ह्यात पहिला नंबर. मी खोलीत एकटा मोठ्यानं हसलो. सभेत हे वाचायचं, मग हात वर करायचे आणि ताठ मानेनं घरी जायचं, असं मनाशी ठरवलं.

मग पान उलटलं. ढकलण्याचे चारशे बारा फाऊल आमच्या पंचांनी दिले नव्हते. त्यातले पंधरा इकडचे तिकडचे. उरलेले तीनशे सत्त्याण्णव एकाच खेळाडूचे, नोंदणी क्रमांक चारशे सतरा. सदतीस सालापासून आजवर. आणि एका पंचानं नव्हे, दहाच्या दहा जणांनी त्याला सोडलं होतं.

मला संताप आला. मंडळ चार दिवसांत बंद होणार आहे हेही मी विसरलो आणि मनात दहा नोटिसा लिहायला घेतल्या. अशी नोटीस मी आयुष्यात एकदाच काढली होती, चौतीस साली, इलाही मुजावरला. इलाही माझा लहानपणापासूनचा दोस्त, पहिल्या सातांतला. एका स्पर्धेत त्यानं पांडबा लवटे नावाच्या म्हाताऱ्या विणकराचं ढकलणं बघूनही फाऊल दिला नाही. समोरच्यानं तक्रार केली. मी चौकशीत एकच प्रश्न विचारला, दिसलं होतं का? तो म्हणाला, दिसलं होतं. मी लिहून घेतलं आणि त्याचं नाव कमी केलं. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच पेठेत समोर आलो की रस्ता ओलांडून जायचो.

जवळच्या दोस्ताला मी सोडलं नाही आणि या दहा जणांनी कुणा एकाला सहा वर्षं सोडावं? मी खेळाडूंचं रजिस्टर काढलं आणि चारशे सतरा शोधला.

माझंच अक्षर होतं. चौगुले भूपाल आदगोंडा, ज्येष्ठ गट.

मी पंचही होतो आणि साठीनंतर ज्येष्ठ गटात खेळायचोही, हे सांगायचं राहिलं. पंच म्हणून माझा क्रमांक एक. तोच मी सगळीकडे मिरवत आलो, खेळाडू म्हणून कितवा आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. छत्तीस साली माझी बायको पद्मा गेली. आम्हाला मूलबाळ नाही. सदतीसपासून मी ज्येष्ठ गटात पाच वेळा पहिला आलो. लोक म्हणायचे, चौगुले सावरला बघा, खेळानं सावरला. मलाही तेच वाटायचं. हात थोडा थरथरायचा, पण या वयात कुणाचा थरथरत नाही? आणि जिंकणाऱ्या माणसाला आपलं काही चुकतंय असं वाटणार तरी कसं?

अहवालाच्या तळाशी एक ओळ होती. या खेळाडूच्या बोटात विसाव्याच्या वेळी सेकंदाला पाच कंपनं आढळतात, प्रथम नोंद सदतीस सालची, वैद्यकीय सल्ला घ्यावा. खाली तालमीत कुणीतरी जोर मारत होतं, त्याचे श्वास वर ऐकू येत होते.

शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, ओळभर लिहायला लावलं. माझं अक्षर शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं होतं.

"कंपवात आहे, काका," त्या म्हणाल्या. "केव्हापासून होतंय?"

मी अहवाल दाखवला. तारखांसकट आजाराचा इतिहास घेऊन आलेला पेशंट त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. त्या कौतुकानं वाचत गेल्या, आणि मग पहिल्या तारखेवर परत आल्या.

"काय झालं?"

"गेली सात-आठ वर्षं याच्यावर एक औषध आहे. पहिल्या दोन वर्षांत सुरू केलं तर आजार जागच्या जागी थांबतो." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "तुम्हाला तेव्हा कुणी काही बोललं नाही का? घरच्यांनी?"

"घरी कुणी नाही," मी म्हणालो.

"मग बाहेर? मित्रमंडळी?"

सहा वर्षं मी दर आठवड्याला अशा दहा माणसांत बसत होतो, ज्यांचं कामच बोट बघणं हे होतं.

रविवारी सकाळी अकराला सभा भरली. अकराच्या अकरा आले. अध्यक्ष पोवार पेढे घेऊन आले होते, म्हणाले, बारशाला वाटले होते, आता बाराव्यालाही वाटू. सगळे हसले. मी उभा राहिलो आणि अहवाल वाचला. अठ्ठ्याण्णवला टाळ्या पडल्या. मग मी पुढचं पान वाचलं, नाव न वगळता. टाळ्या वाजवणारे हात मांडीवर गेले.

पहिले पोवार बोलले, छताकडे बघत. "मला वाटलं होतं, मी एकटाच सोडतोय."

"मलाही तसंच वाटलं होतं," कुणीतरी मागून म्हणालं.

"म्हणजे सगळ्यांनीच?" आणखी एकानं विचारलं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दहा माणसांनी सहा वर्षं एकच गुन्हा केला होता आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. नियम नऊ इतका काटेकोर आजवर कुणी पाळला नसेल.

"वहिनी गेल्या होत्या हो," पोवार म्हणाले. "पहिल्या स्पर्धेला तुम्ही आलात तेव्हा शर्टाची बटणं खालीवर लावलेली होती. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. मग पुढच्या वेळी कसा द्यायचा? तुम्ही विचारलं असतं, मागच्या वेळी का नाही दिला?"

मी सुलभाताईंकडे वळलो. सुलभा हेरवाडे, आमच्या प्रमुख पंच. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांनी अजून मान वर केली नव्हती.

"ताई, तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही चहाचा कप घेतलात आणि बशी वाजायला लागली. मी असे पेशंट वॉर्डात रोज बघितलेत. घरी जाऊन झोप लागली नाही मला."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?" त्यांचा आवाज चढला. "तुमचं बोट बघितलं म्हणायचं, म्हणजे ढकलणं बघितलं म्हणायचं. बघितलं तर फाऊल का नाही दिला? तुम्ही इलाहीभाईंना एका फाऊलसाठी काढलंत, चौगुले! तुमच्या लहानपणच्या दोस्ताला. त्याच्यानंतर तुमच्याशी खरं बोलायची आमची कुणाची टाप होती? सुट्टीच्या दिवशी पोरं-सुना आपापल्या वाटेला जातात, तेव्हा मला ही एवढी एकच जागा होती यायला. ती गेली असती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच कळलं की सहा वर्षं या खोलीत मी सगळ्यांच्या मधोमध बसत होतो आणि माझ्याजवळ कुणीच नव्हतं. ती भिंत बाहेरून कुणी आणून घातली नव्हती. बावीस नियम, सुवाच्य अक्षरात, माझेच.

"फाऊल एक वेळ सोडलात ते सोडलात," मी म्हणालो, "पण ताई, औषध होतं हो त्याच्यावर."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. कुणी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. तशी सवय आम्हाला नव्हती.

मग मी एक ठराव मांडला. विसर्जनाआधी इलाही मुजावर यांचं सभासदत्व पूर्ववत करावं. सगळे हात वर गेले. इतिवृत्तात मी वेळ लिहिली, बारा वाजून चार मिनिटं. नंतर विसर्जनाचा ठराव आला. बोर्ड आणि स्टँड शाळांना द्यायचे ठरले, शिक्का पोवारांनी कात्रीनं उभा कापला. बारा वाजून पंधरा मिनिटांनी मंडळ संपलं. पेढे कुणी खाल्ले नाहीत. पोवार डबा तसाच परत घेऊन गेले.

सोमवारी चारच्या सुमारास मी जवाहरनगरात गेलो. इलाहीचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. तो मशीनवर वाकला होता, निळ्या चड्ड्यांचा ढीग शेजारी. मागच्या भिंतीलगत विटांच्या चार थरांवर एक जुना कॅरम बोर्ड होता, संध्याकाळी गल्लीतले लोक खेळायला येत असावेत. त्यानं मान वर केली, मला बघितलं आणि शिवण पुरी केली. दोरा तोडला. मग म्हणाला, "काय काम काढलंस?"

मी ठरावाची प्रत पुढं केली. त्यानं ती हात लांब करून वाचली. दोनदा वाचली.

"म्हंजे मी सभासद झालो?"

"झालास."

"आणि मंडळ?"

"बंद झालं."

"किती वेळ हुतो मी सभासद?"

"अकरा मिनिटं."

तो हसला. जुनंच हसणं, नाकातून. "लई मोठा मान केलास, मर्दा." कागद त्यानं मशीनच्या फळीवर ठेवला आणि त्याच्यावर कात्री ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून की दिसू नये म्हणून, कोण जाणे.

मग मी त्याला सगळं सांगितलं. अहवाल, तीनशे सत्त्याण्णव, डॉक्टर, सुलभाताई. तो ऐकता ऐकता चड्ड्यांच्या घड्या घालत राहिला. संपल्यावर म्हणाला, "मी असतो तर पहिल्याच दिवशी दिला असता तुला फाऊल."

"मग पांडबाला का नाही दिलास?" नऊ वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न मी आत्ता विचारत होतो.

"पांडबाचं बोट मागात सापडलेलं. वाकतच नव्हतं. सामन्याच्या आदल्या दिवशी मी त्याला भाईर नेला आणि सांगितलं, पांडबा, तू ढकलाय लागलायस, सगळ्यांस्नी दिसतंय. ह्यो शेवटचा डाव खेळ, म्या गप्प बसतो. पुढच्या साली येऊ नगंस. म्हातारा रडला माझ्यापुढं. पुढच्या साली आला न्हाई. बघ तुझं रजिस्टर."

"हे चौकशीत सांगायचंस की!"

"तू इचारलंस कुठं? दिसलं हुतं का, म्हणालास. म्हटलं, दिसलं हुतं. लगेच टोपण लावलंस पेनला." तो थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. हात गुडघ्यावर होता आणि त्याचं आपलं आपण चाललेलं हलणं थांबत नव्हतं. "सोडायचं असलं तर आधी तोंडावर सांगावं लागतं, भूपाल. न सांगता सोडलं म्हंजे त्या माणसाला टाकलंच."

मी मान हलवली.

"खेळणार?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. त्यानं चड्ड्यांचा ढीग उचलून बाजूला ठेवला, बोर्डावर पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या. पहिला डाव मला दिला. वय बघून असेल, किंवा पाहुणा म्हणून. समोरासमोर बसलो. पंचाच्या जागी कुणी नव्हतं.

मी स्ट्रायकर रेषेवर ठेवला. बोट मागं ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाकडे पंचासारखं बघितलं. मारायचं असं ठरवलं. सगळा जीव त्या एका नखात आणला. स्ट्रायकर गेला, सोंगट्या फुटल्या, एक पांढरी कोपऱ्याकडे निघाली आणि अलगद खिशात पडली. आवाज मात्र आला नव्हता. टिच वाजलंच नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पण ऐकलं होतं. मला मनातून एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की हा आता म्हणेल, राहू दे, चालतंय, खेळ पुढं. तसं म्हणाला असता तर मी तिथून उठून घरी गेलो असतो आणि पुन्हा कुणाकडे गेलो नसतो.

"फाऊल," इलाही म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं, असं मला वाटलं. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हात बोर्डावरून काढला तर तोही फाऊल होईल की काय, असं काहीतरी वेडगळ मनात आलं. इलाहीनं वर बघितलं नाही. त्यानं बोर्डाच्या खिशात हात घालून माझी पांढरी सोंगटी बाहेर काढली. फाऊलची सोंगटी मधल्या वर्तुळात कुठं ठेवायची हे समोरचा खेळाडू ठरवतो. तो वाकला, एक डोळा मिटून त्यानं माझ्या बाजूनं अंतर जोखलं आणि दोन काळ्यांच्या आड, मला सगळ्यात अवघड जाईल अशा जागी ती ठेवली. मग बोटानं अजून जराशी आत सरकवली.